ब्रेकचा पाइप बदलताना: आवळायचं किती?

पुढच्या डिस्क ब्रेकचा रबरी पाइप काढून त्या जागी स्टीलच्या जाळीचा पाइप टाकायला खरं तर अर्धा दिवस पुरतो. दोन बोल्ट सोडायचे, पाइप बदलायचा, दोन बोल्ट आवळायचे, हवा काढायची. माझा सगळा वेळ त्या दोन बोल्टांनी खाल्ला, म्हणून लिहितोय तेही मुख्यतः त्यांच्याबद्दलच.

गाडी होंडा युनिकॉर्न, 2012 ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. इंजिन अजून गुळगुळीत चालतं, पण ब्रेकचा पाइप गाडीइतकाच जुना होता. यामाहासारख्या कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये ब्रेकचे होज दर चार वर्षांनी बदला म्हणून सांगतात. आपल्याकडे पाइप फुटल्याशिवाय कोण बदलतो? साताऱ्यात सपाटीवर, म्हणजे पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत, काही जाणवायचं नाही. पण कासहून परत येताना यवतेश्वरचा घाट लागला, मागे बायको बसलेली असली, की शेवटच्या वळणांपर्यंत लिव्हर मुठीच्या बरीच जवळ यायला लागायची. रबराच्या पाइपात आत विणीचे थर असतात, तरी दाब आला की तो किंचित फुगतो. जुना झाला की जास्त फुगतो. लिव्हरचा काही प्रवास मग पाइप फुगवण्यातच जातो आणि बोटांना ब्रेक मऊ लागतो.

दुसरी गोष्ट जास्त खुपणारी होती. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणाऱ्या भागाला, जिथे पाइप जोडलेला असतो, तिथे कायम ओल असायची. टपकत नव्हतं, पण बोट फिरवलं की बोट ओलं. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे खालच्या बाजूचा काळा रंग पापुद्रे धरून सुटायला लागला होता. ज्या गॅरेजमध्ये गाडी जायची तिथे यावर एकच इलाज होता. पाना लावायचा, दात-ओठ खात अजून थोडं आवळायचं, फडक्यानं पुसायचं आणि ‘आता नाही गळणार’ म्हणायचं. आठवड्यानं पुन्हा ओल.

तेव्हा पाइप बदलायचाच, तर जाळीचा टाकू आणि स्वतःच टाकू, असं ठरवलं. जाळीच्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी असते, तिच्यावर स्टेनलेस स्टीलची वीण, आणि वरून प्लास्टिकचं आवरण. तो जवळजवळ फुगतच नाही. मात्र त्यानं ब्रेकची ताकद दुप्पट होते वगैरे जे सांगतात, ते सोडून द्या. पकड येते ती पॅड, डिस्क आणि टायरच्या जोरावर. पाइपामुळे लिव्हर टणक होते आणि आपण किती दाबतोय ते बोटांना नीट कळतं. घाटात तेवढंही खूप झालं.

किट घरी आलं तेव्हा मी लगेच पाने काढून बसलो नाही. शेजारच्या गल्लीत आप्पा राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त. त्यांना किट दाखवायला नेलं. आप्पांनी पाइपाकडे बघितलंही नाही. बोल्ट उचलले, तळहातावर उडवून बघितले आणि म्हणाले, “ह्याला वजनच न्हाय की रं.”

बोल्ट निळ्या रंगाचे, दिसायला देखणे, अॅल्युमिनियमचे. हा बोल्ट साधा नसतो. तो मधून पोकळ असतो आणि मानेजवळ आडवं भोक असतं. पाइपाच्या टोकाला जी गोल कडी असते तिच्यातून बोल्ट जातो. पाइपातलं ऑइल कडीत येतं, आडव्या भोकातून बोल्टच्या पोटात शिरतं आणि पुढे जातं. म्हणजे 10 मिलिमीटरच्या बोल्टात धातू मुळातच कमी, आणि भोकाजवळ तर त्याहून कमी. जास्त आवळला तर तो बरोबर तिथेच तुटतो. स्टीलचा असला तरी तुटतो, मग अॅल्युमिनियमचा तर किती लवकर?

किटबरोबरच्या कागदावर हे बोल्ट किती आवळायचे याचा जो आकडा दिला होता, तो होंडाच्या मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मा होता. होंडा या बोल्टला ‘ऑइल बोल्ट’ म्हणते आणि त्यासाठी 34 न्यूटन-मीटर सांगते. जुन्या पद्धतीनं 3.5 किलोग्रॅम-मीटर. इथे बरेच जण फसतात. गाडीचं मॅन्युअल उघडतात, 34 वाचतात आणि तो आकडा किटमधल्या अॅल्युमिनियमच्या बोल्टवर लावतात. मॅन्युअलमधला आकडा मॅन्युअलमधल्या बोल्टचा असतो. बोल्ट बदलला की आकडाही बदलतो.

मग कोणता बोल्ट वापरायचा? किटचा बोल्ट किटच्या कागदाप्रमाणे आवळला असता तरी चाललं असतं. पण हा जोड पुढे कधीतरी दुसरं कुणी उघडणार, आणि ते ‘अजून थोडं’वालं गॅरेजही असू शकतं. म्हणून आप्पांचा सल्ला मानून राधिका रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून होंडाचे स्टीलचे दोन ऑइल बोल्ट आणि नवे वायसर, म्हणजे कडीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या चकत्या, आणले. निळे बोल्ट अजून डबीत आहेत. मुलीला ते फार आवडलेत.

बोल्ट आणताना आटे तपासून घ्यावे लागतात. 10 मिलिमीटरचे हे बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांत येतात. जपानी पद्धतीच्या बहुतेक ब्रेकना दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिलिमीटर असतं, तर ब्रेम्बो किंवा बायब्रे या कंपन्यांच्या ब्रेकना 1.00. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा बोल्ट सुरुवातीला दोनेक फेरे आत जातोही, मग अडतो. तिथे जर कुणी पाना लावला तर स्टीलचा बोल्ट कॅलिपरच्या (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अॅल्युमिनियममधले आटे कापत आत जातो, आणि मग नवा कॅलिपर घेण्याची वेळ येते. यावर उपाय साधा. वायसर आणि कडी न लावता नुसता बोल्ट चिमटीत धरून फिरवायचा. शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. अडला की थांबायचं आणि दुकानात परत जायचं.

दुसरंही एक बघून घेतलं. बाहेरच्या पाइपाची कडी मूळ कडीपेक्षा पातळ असली तर बोल्ट भोकाच्या तळाला जाऊन टेकू शकतो. मग पान्याला बोल्ट घट्ट लागतो, पण ती घट्टाई तळाशी टेकल्याची असते, वायसर मात्र सैलच राहतो. आप्पांच्या व्हर्निअरनं दोन्ही कड्यांची जाडी मोजली. फरक हिशेबात धरण्याजोगा नव्हता.

आता टॉर्क पान्याबद्दल, म्हणजे लावलेल्या आकड्याइतकं आवळलं की टिक् करणाऱ्या पान्याबद्दल. बाजारात सहज मिळतो तो अर्ध्या इंचाच्या चौकाचा लांबलचक पाना, 28 ते 210 न्यूटन-मीटरचा. चारचाकीच्या चाकांचे नट आवळायला उत्तम, पण आपल्या कामाचा नाही. टिक् आवाज करणाऱ्या पान्याची अचूकता साधारण त्याच्या पूर्ण क्षमतेच्या 20 टक्क्यांपासून वर धरली जाते. 210 चा पाना 34 वर लावला तर आपण त्या हद्दीच्या खालीच जातो. आप्पांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधून तीन-अष्टमांश चौकाचा, 10 ते 60 चा पाना मागून आणला. तोंडाला 12 चा सॉकेट.

पाना आणल्यावर आप्पांनी मला थेट गाडीकडे जाऊ दिलं नाही. बाकावरच्या व्हाइसमध्ये भंगारातला एक लोखंडी तुकडा धरला, त्यात 10 चा साधा बोल्ट आणि वायसर. म्हणाले, “तुझ्या हाताला बराबर वाटतंय तेवढं आवळ. मग बघू.”

मी नेहमीचा रिंग पाना घेऊन आवळला. माझ्या मते बेतानं. मग त्यांनी टॉर्क पाना 34 वर लावून ओढला. बोल्ट जागचा हलला नाही, टिक् झालं. 40 वर लावला, टिक्. 50, टिक्. 55 वर ओढताना कुठे तो किंचित सरकला. म्हणजे माझा ‘बेतानं’ 50 च्या पलीकडचा निघाला. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, “चाकाचे नट आवळून हात तसाच झालेला असतोय. बारीक बोल्टाला त्यो हात चालत न्हाय.”

याचा हिशेब सोपा आहे. 34 न्यूटन-मीटर म्हणजे 17 सेंटिमीटरच्या रिंग पान्याच्या टोकाला साधारण 20 किलोचा ओढा. तेवढाच ओढा 25 सेंटिमीटरच्या रॅचेटवर दिला की होतात 49. हात तोच, जोर तोच, पाना बदलला की काम बदलतं. गॅरेजमध्ये तर हातात जो येईल तो पाना. आणि जोर कधीकधी पायाचाही.

टॉर्क पान्यावर दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन-मीटरची आणि एक फूट-पाउंडची. 34 हा आकडा चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर लावला तर ते 46 न्यूटन-मीटर होतात. आवळायच्या आधी पट्टी कोणती ते मोठ्यानं वाचायचं, असा आप्पांचा नियम. वर्कशॉपमध्ये दोघं असायचे, एक आवळणारा, एक आकडा वाचणारा. माझ्याकडे आकडा वाचायला मुलगी होती.

मग गाडी उघडली. टाकीवर आणि पुढच्या मडगार्डवर ओली फडकी पसरली, बाजूला पाण्याची बादली. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, त्यामुळे रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओतायचं, पुसत बसायचं नाही. मास्टर सिलिंडरच्या वाटीतलं ऑइल सिरिंजनं ओढून घेतलं. चहासारखं झालं होतं. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं.

वरचा बोल्ट सुटताना जी कुरकुर झाली ती ऐकून आप्पांनी मान हलवली. बोल्ट बाहेर आला, कडी बाहेर आली. आप्पांनी विचारलं, “वायसर किती निघाले?”

“दोन.”

“नीट बघ.”

एका जोडाला दोनच वायसर असतात, एक कडीच्या वर, एक खाली. माझ्या हातात दोन होते, म्हणजे हिशेब बरोबर. पण आप्पांनी टॉर्च घेऊन मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी नखानं खरवडलं. काळ्या मळाच्या खालून तांब्याची कड चमकली. तिसरा वायसर तिथे चिकटून बसला होता. पूर्वी कधीतरी कुणी हा जोड उघडला, जुना वायसर सिलिंडरला चिकटलेला राहिला, मळामुळे तो कास्टिंगचाच भाग वाटला, आणि नवा वायसर त्याच्याच डोक्यावर बसवला गेला. त्या ओलीचं मूळ हे होतं. एवढी वर्षं आवळून आवळून ती थांबणार कशी होती?

इथे वायसरचं काम काय ते सांगायला हवं, कारण आवळण्याचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा आहे. तो तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा मऊ चकतीसारखा असतो. कडीचा आणि सिलिंडरचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्यावर मशीननं कापल्याच्या बारीक रेघा असतात. बोल्ट आवळला की लाटीवर अंगठा दाबावा तसा वायसर दबतो आणि त्या रेघांत भरून बसतो. ऑइलला वाट उरत नाही. म्हणजे गळती थांबवतो तो वायसर, बोल्टचं काम फक्त त्याला पुरेसं दाबून ठेवण्याचं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं. त्यावर जुन्या रेघांचे ठसे उठलेले असतात. त्याला पुन्हा दाबलं तर ते पहिल्यासारखं वाहत नाही. आणि इथे तर कडक झालेल्या चकतीवर दुसरी चकती, त्यात मधे मळ. वरून कितीही जोर लावा, त्या फटीतून ऑइल झिरपणारच.

तांब्याचा वायसर लाल तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. आप्पांच्या काळात हे रोज चालायचं, सुटे भाग वेळेवर मिळायचे नाहीत. मी विचारलं, आपणही करूया का? ते म्हणाले, “येका चहाच्या पैशात नवा मिळतोय. गॅस कशाला जाळतोस?”

चिकटलेला वायसर काढताना स्क्रू ड्रायव्हर वापरला नाही. तिथे एक ओरखडा उमटला तर नवा वायसरही गळणार. बांबूची काडी टोकदार करून कडेनं उचकटला. मग फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तोंड पुसलं, टॉर्च तिरपी धरून बघितलं. स्वच्छ, गोल, कुठे खाच नाही. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस या कामात अजिबात आणायचं नाही, आतली रबरी सीलं त्यानं फुगतात.

जुना बोल्ट मी फेकून देणार होतो, पण आप्पांनी तो नव्या बोल्टला समांतर धरून आट्यांत आटे बसवून दाखवले. उजेडाकडे धरल्यावर अर्ध्यापर्यंत आटे एकमेकांत बसत होते, आणि मानेकडे हळूहळू सुटत गेले होते. बोल्ट ताणला गेला होता. प्रत्येक वेळी ‘अजून थोडं’ आवळताना तो थोडा थोडा लांबत गेला. एखाद्या दिवशी घाटात, लिव्हर जोरात दाबली असताना तो मानेपाशी सुटला असता तर पुढचा ब्रेक शून्य. त्या गॅरेजमध्ये मी परत गेलो नाही. भांडायला पण नाही.

खालचा, कॅलिपरकडचा जोड सरळ निघाला. दोन वायसर, दोन्ही हातात आले. तरीही नखानं खरवडून बघितलं.

नवा पाइप बसवताना पहिली गोष्ट, पिळ नको. रबरी पाइप थोडा पिळ सहन करतो, जाळीचा करत नाही. दोन्ही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी बसवले. गाडी मधल्या स्टँडवर, पुढचं चाक हवेत, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब झालेले. त्या अवस्थेत हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. पाइप कुठे ताणला जात नाही, टाकीला किंवा मडगार्डला घासत नाही, मूळ क्लिपमध्ये नीट बसतो, हे बघितलं. स्टीलची जाळी प्लास्टिकच्या आवरणातून उघडी पडली तर ज्याला घासेल ते कापत जाते, मग ते मडगार्ड असो की वायरिंग. म्हणून क्लिपच्या जागी रबराची पट्टी गुंडाळली.

कडीची दिशा ठरली की तिला तिथेच धरून ठेवायचं. बोल्ट आवळताना कडीही त्याच्याबरोबर फिरायला बघते. ती फिरली तर पाइपाला पिळ बसतो आणि वायसरही घासत फिरतो. आप्पांनी कडी हातोडीच्या लाकडी दांड्यानं टेकवून धरली. मी पाना धरला.

बोल्टचे आटे फडक्यानं कोरडे पुसले होते. आट्यांवर ऑइल किंवा ग्रीस असेल तर घर्षण कमी होतं. आकडा तोच राहतो, टिक् पण 34 वरच होतं, पण बोल्टवर प्रत्यक्ष येणारा ताण बराच वाढलेला असतो. मॅन्युअलमध्ये जिथे ऑइल लावून आवळायला सांगितलंय तिथे तसं वेगळं लिहिलेलं असतं.

आधी पाना 17 वर लावून ओढला, टिक्. दिशा पुन्हा तपासली. मग 34. मुलीनं पट्टी वाचली, “न्यूटन-मीटर, चौतीस.” झटका न देता, एका संथ ओढीत. शेवटच्या टप्प्यात वायसर दबतोय हे हाताला लागतं. बोल्ट सरकत राहतो पण मऊपणे, आणि मग अचानक टणक होतो. त्याच्या लगेच पुढे टिक् झालं. माझा हात सवयीनं अजून एक ओढ द्यायला निघाला होता, आप्पांनी मनगट धरलं. टिक् झाल्यावर पुन्हा पुन्हा टिक् करून खात्री करणारे खूप आहेत. प्रत्येक टिक्‌ला बोल्ट थोडा पुढे सरकू शकतो. एकदा झालं की पाना खाली.

खालचा जोडही तसाच. मग दोन्ही बोल्टांवर, बोल्टच्या डोक्यापासून कडीपर्यंत, पांढऱ्या पेंटची एक आडवी रेघ ओढली. बोल्ट पुढे कधी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. पाना लावून बघायची गरजच राहत नाही. काम संपल्यावर टॉर्क पान्याची मूठ फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणली, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून पाना खोटं बोलायला लागतो.

ऑइल भरणं आणि हवा काढणं यात फार नवं नाही, तरी थोडं सांगतो. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद छोटा डबा आणला. अर्धा भरलेला, कधीतरी उघडलेला डबा फुकट मिळाला तरी नको. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. ताज्या डॉट 4 चा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, आर्द्रता शोषलेल्याचा किमान 155. पावसाळ्यातल्या कासच्या धुक्यात डबा उघडा ठेवून गप्पा मारणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. घाटात ब्रेक तापला आणि ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते, ब्रेक लागत नाही. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते याच जातीचं.

रिकाम्या पाइपात लिव्हर मारत बसण्यापेक्षा खालून भरणं सोपं गेलं. सिरिंजमध्ये नवं ऑइल, पारदर्शक नळी कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलवर, निपल किंचित ढिला, आणि हळूहळू वर ढकलायचं. हवा वर जायलाच बघत असते, तिला तिच्याच वाटेनं जाऊ द्यायचं. वाटीत बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद. मग नेहमीसारखं, एक जण लिव्हर दाबतो, दुसरा निपल उघडतो-मिटतो. निपलचा आकडा फार लहान आहे, 6 न्यूटन-मीटर. म्हणजे 8 चा पाना दोन बोटांनी. ब्लीड निपल तुटलेले कॅलिपर मी एकाहून जास्त गॅरेजमध्ये पाहिलेत. आणि तुटलेला निपल काढणं म्हणजे दिवसभराचं काम.

सगळ्यात हट्टी हवा वरच्या जोडातच अडकते, कारण तिथे पाइप थोडा उंच वळतो. काही जण ती काढायला वरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करून लिव्हर दाबतात. आप्पांनी ते करू दिलं नाही. एकदा दबलेला नवा वायसर ढिला करायचा म्हणजे वर सांगितलेलं सगळं पाण्यात. त्याऐवजी हँडल वळवून मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच येईल असं ठेवलं, पाइपावर बोटानं हलके टिचक्या मारल्या, लिव्हर हळू हळू थोडीशी दाबून सोडत राहिलो. वाटीत मोहरीएवढे बुडबुडे येत राहिले. मग लिव्हर दाबून मुठीला रबराच्या पट्टीनं बांधली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी लिव्हर दगडासारखी. वाटीवर झाकण लावलं. दोन्ही जोडांना कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला आणि लिव्हर पूर्ण ताकदीनं दाबून धरली, हात थरथरेपर्यंत. सोडली, पुन्हा दाबली. कागद कोरडा. ब्रेक ऑइलचा डाग कागदावर लगेच पसरतो, डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदाला दिसतं. आप्पांनी तरी दुपारी पुन्हा येऊन कागद बघितला.

पहिली फेरी घाटात नाही, घरासमोरच्या सपाट रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगानं. मग थोडी वेगात, मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून. मग कागद. रविवारी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरला चढलो आणि उतरताना मुद्दाम पुढच्या ब्रेकवर भर दिला. शेवटच्या वळणापर्यंत लिव्हर जिथे होती तिथेच. बायको म्हणाली, गाडी आज पुढे डुलत नाहीये. खरं तर मीच आधी घाबरून एकदम दाबायचो, आता हळूहळू दाबता येत होतं.

हे पाहून ऑफिसातला एक मित्र मागे लागला, माझ्या गाडीलाही असंच करूया. त्याची गाडी एबीएसची. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे, त्यामुळे आता रस्त्यावर अशा गाड्या बऱ्याच दिसतात. तिथे मास्टर सिलिंडरपासून पाइप आधी एबीएसच्या युनिटला जातो आणि तिथून कॅलिपरला, म्हणजे जोड जास्त. काही गाड्यांत युनिटला धातूच्या नळ्या आणि फ्लेअर नट असतात. त्यांना वायसर नसतोच, नळीचं तोंडच बसून सील होतं, आणि त्यांचा आकडाही वेगळा, बराच कमी. शिवाय युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला काही गाड्यांना कंपनीचं यंत्र जोडून आतला पंप चालवावा लागतो. त्याला म्हटलं, तुझ्या मॉडेलचंच मॅन्युअल आधी मिळव, त्यातला प्रत्येक जोडाचा आकडा एका कागदावर उतरव, मग बघू. कागद अजून आलेला नाही, आणि तो येईपर्यंत पाना मी परत देऊन टाकलाय.